दुसऱ्यांदा पेटलेली चूल

गेल्या अंकात नाथषष्ठीच्या निमित्ताने ‘संत एकनाथ हे गृहस्थाश्रमाचे आदर्श होत’ असे एक वाक्य या सदरात मी लिहून गेलो. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या एकाच वाक्याला धरून आहेत. वाक्य चुकीचे नव्हते, पण ते फार सहजपणे लिहिले गेले, हे पत्रे वाचताना जाणवले. म्हणून या वेळी इतर विषयांवरचे प्रश्न बाजूला ठेवून संतांच्या आणि धर्मोपदेशकांच्या संसाराविषयी आलेल्या प्रश्नांनाच उत्तरे देत आहे.

प्रश्न : एकनाथ महाराजांनी संसार केला आणि परमार्थही केला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु संसारासाठी त्यांनी प्रत्यक्ष सोडले काय? त्याग म्हणावा असे काही त्यांच्या चरित्रात आहे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आहे, आणि मला तर तो त्यांच्या चरित्रातला सर्वांत अवघड त्याग वाटतो. मात्र आधी एक खुलासा केला पाहिजे. नाथांच्या घरातल्या ज्या कथा आपण ऐकतो, त्या बऱ्याचशा ताहराबादच्या महिपतींच्या ‘भक्तविजय’ आणि ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथांमुळे घरोघरी पोचल्या. पहिला ग्रंथ १७६२ मधला आणि दुसरा १७७४ मधला, म्हणजे नाथांनी १५९९ मध्ये पैठणला देह ठेवला त्याला दीडशेहून अधिक वर्षे उलटून गेल्यानंतरचा. या कथा कागदोपत्री पुराव्यासारख्या वाचायच्या नसतात. समाजाने आपल्या संताच्या घरात काय पाहिले आणि त्यातले काय जपून ठेवावेसे त्याला वाटले, हे मात्र त्यांतून चांगले कळते.

नाथांचे आईवडील लहानपणीच गेले आणि आजोबा चक्रपाणी व आजी यांनी त्यांना वाढवले. कोणालाही न सांगता हा मुलगा देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. पुढे तीर्थयात्रा करीत तो परत पैठणच्या परिसरात आला, तेव्हा आजोबांनी स्वामींकडून आणलेले पत्र त्याच्या हाती ठेवले. हे पत्र जेथे मिळेल तेथेच थांबावे, पुढे जाऊ नये, अशी त्यात आज्ञा होती आणि नाथ तेथेच थांबले. म्हणजे त्यांचा संसार सुरू झाला तोच दोन म्हाताऱ्या माणसांसाठी भटकंती सोडण्यापासून, आणि ती सोडायला सांगणारा त्यांचा स्वतःचा गुरू होता. त्यानंतर गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

पण आपला प्रश्न ज्या त्यागाविषयी आहे, तो पुढे मुलाच्या बाबतीत घडला. हरिपंडित हे शास्त्र शिकलेले, कर्मठ वृत्तीचे. वडील पुराण सांगतात ते प्राकृतात आणि जेवायला जातात ते कोणाच्याही घरी, या दोन गोष्टी त्यांना सहन होईनात आणि ते रुसून काशीला जाऊन राहिले. नाथ त्यांना आणायला स्वतः गेले. मुलाने परत येण्यासाठी दोन अटी घातल्या : मराठीत प्रवचन करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

हे मान्य करणारा माणूस कोण होता, याचा विचार करावा. भागवताच्या एकादश स्कंधावरची आपली मराठी टीका ज्याने १५७३ मध्ये त्याच काशीत पूर्ण केली, संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांनी केली, असे ज्याने विचारले, ज्याने ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून मराठी माणसाच्या हाती दिली, त्या माणसाने मुलगा घरी यावा म्हणून आपली मराठी पोथी मिटून ठेवली. नाथ संस्कृतात सांगू लागले आणि समोरची गर्दी ओसरली, असे चरित्रकार सांगतात. घर सोडून जाणाऱ्याचा त्याग साऱ्या गावाला दिसतो, त्याचे पोवाडे होतात. घरातले माणूस परत यावे म्हणून आपल्या आयुष्याचे कामच थांबवणाऱ्याचा त्याग कोणाला दिसत नाही; उलट लोक त्याला घाबरट म्हणतात. नाथांनाही त्या काळात कोणी तसे म्हटले असेल, तर मला नवल वाटणार नाही.

शेवट आपणास माहीत असेल. एका गरीब म्हातारीला सहस्रभोजन घालायचे होते. ऐपत नव्हती, म्हणून तिने एकट्या नाथांना जेवायला बोलावले. परान्नाची अट मोडू नये यासाठी स्वयंपाक हरिपंडितांनीच करायचा, असे ठरले. जेवण झाल्यावर हरिपंडित पत्रावळ उचलू लागले तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या आणि मुलाचा गर्व उतरला. चमत्कार बाजूला ठेवला तरी या कथेत मला आवडते ती एक गोष्ट उरतेच. म्हातारीचे मन मोडायचे नाही आणि मुलाला दिलेला शब्दही मोडायचा नाही, अशी वाट वडिलांनी काढली. बाप खरा आणि मुलगा खोटा, असे ठरवण्याची घाई त्यांनी केली नाही.

प्रश्न : श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्यांना वाढल्याची कथा कीर्तनात नेहमी सांगतात आणि नाथांच्या करुणेचे कौतुक होते. पण तो स्वयंपाक रांधला कोणी? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : गिरिजाबाईंनी. आपला प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याने मला दोन दिवस गप्प बसवले.

कथा अशी आहे की, श्राद्धाच्या दिवशी नाथांच्या घरातून पक्वान्नांचा वास रस्त्यापर्यंत गेला. रस्त्याने जाणाऱ्या महार कुटुंबातल्या मुलांनी तसले अन्न खायला मागितले आणि नाथांनी सगळा तयार स्वयंपाक त्या कुटुंबांना बोलावून वाढून टाकला. मग ब्राह्मणांसाठी सर्व काही पुन्हा करणे आले. चरित्रात ते एका चरणात आटोपते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्याला मी सांगायला नको. घर पुन्हा सारवायचे, सोवळ्याने गोदावरीचे पाणी पुन्हा भरायचे, भांडी घासायची, डाळ-तांदूळ निवडायचे, पुरण पुन्हा वाटायचे, आणि हे सारे श्राद्धाची वेळ टळू न देता करायचे. एवढे करूनही निमंत्रित ब्राह्मण जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, असे कथा सांगते. नाथांचा उद्धव नावाचा सेवक हाताखाली होता, हे खरे; तरी दुसऱ्यांदा पेटलेली ती चूल गिरिजाबाईंचीच होती.

त्या नाखूश होत्या, असे मात्र परंपरा म्हणत नाही. उलट त्यांचे मन कसे होते हे सांगणारी दुसरी एक कथा आहे. नाथांना राग आणून दाखवल्यास पैसे मिळतील, या पैजेवर आलेला एक ब्राह्मण जेवणाच्या वेळी, गिरिजाबाई वाढायला वाकल्या असता, त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथ एवढेच म्हणाले की, त्यांना सांभाळ, पडू देऊ नकोस. त्यावर गिरिजाबाई म्हणाल्या की, हरी लहानपणी असाच पाठीवर बसायचा, मला सवय आहे. या कथेत नाथांच्या शांतीचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. पण राग येण्याचा पहिला हक्क ज्यांच्या पाठीवर माणूस बसला त्यांचा होता. शांतीची परीक्षा झाली ती दोघांची, आणि गुण मात्र एकाच नावावर मांडले गेले. पुढच्या वर्षी नाथषष्ठीवर लिहिताना हे मी विसरणार नाही.

प्रश्न : तुकाराम महाराजांच्या पत्नी जिजाबाई यांना आवली म्हणून कजाग, भांडखोर रंगवतात. हे न्याय्य आहे का? आणि महाराजांनी संसाराकडे दुर्लक्ष केले, हे खरे मानावे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाला उत्तर, नाही. दुसऱ्याचे उत्तर इतके सरळ नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने त्या घराचे काय केले, हे तुकोबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे : ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ अन्न अन्न करीत गेल्या त्या थोरल्या पत्नी रखुमाबाई. त्यानंतर घरात उरलेली जिजाबाई ही पुण्याच्या गुळव्यांची, खात्यापित्या घरची मुलगी होती. तिने तो दुष्काळ पाहिला होता. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर बसलेला, घरात मुले, आणि दारी आलेला कोणीही रिकामा परतत नाही, अशा घरातल्या बाईने त्या ‘काळ्या’ विठोबाला शिव्या दिल्या असतील, तर त्या शिव्यांमागे भुकेची आठवण होती. शिवाय तीच बाई रोज भाकरी घेऊन उन्हात डोंगर चढत होती, हेही तेच कीर्तनकार सांगतात. फक्त ते सांगताना आवाज खाली येतो.

दुर्लक्षाबद्दल म्हणाल, तर एका प्रसंगाकडे लक्ष वेधतो. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, हे सर्वांना ठाऊक असते. पण परंपरेप्रमाणे त्यांनी आधी खतांचे दोन वाटे केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा बुडवला. आपल्याला नको झालेली गोष्ट भावालाही नको असेल, असे त्यांनी गृहीत धरले नाही. असाच हिशेब त्यांनी जिजाबाईंशी केला असता तर, हा प्रश्न मात्र माझ्या मनात राहतोच. त्या अर्ध्या वाट्यावर जिजाबाईंचे आणि मुलांचेही पोट होते. महाराज गेले तेव्हा त्या गरोदर होत्या आणि नारायण हा मुलगा वडिलांच्या मागे जन्मला. देहूहून पालखी काढण्याची प्रथा पुढे सुरू झाली, ती याच नारायणबाबांमुळे.

प्रश्न : बोहल्यावरून पळून गेलेल्या समर्थांनी ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ असा उपदेश करणे विसंगत नाही का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. ज्याला प्रपंच नेटका करता येणार नाही असे वाटले, त्याने तो सुरूच केला नाही. अर्धवट टाकून तो गेला नाही. मंडपात वाट पाहणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले, एवढेच आपण विचारत नाही.

प्रश्न : विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला. त्याला पतन म्हणावे की त्याग? (एक वाचक, आळंदी)

उत्तर : विठ्ठलपंत पत्नीला सोडून काशीला गेले आणि आपण विवाहित आहोत हे लपवून त्यांनी संन्यास घेतला, अशी कथा आहे. पुढे त्यांचे गुरू यात्रेत आळंदीला आले असता नमस्कार करणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्यांनी ‘पुत्रवती भव’ असा आशीर्वाद दिला. मग खरा प्रकार कळल्यावर त्यांनी शिष्याला घरी पाठवले. तेव्हा चूक झाली असेलच, तर ती जाताना झाली, परतताना नाही. परतल्यामुळे मात्र त्यांनी फार मोठी किंमत मोजली. समाजाने वाळीत टाकले, तिन्ही मुलग्यांची मुंज अडली आणि अखेर नवराबायकोने देहान्त प्रायश्चित्त घेतले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही या परतण्यातून आपल्याला मिळाली. आपण कोणता शब्द वापरावा हे मी सांगत नाही. मी ‘पतन’ हा शब्द वापरणार नाही, एवढेच सांगतो.

प्रश्न : आपण केवळ वारकरी संतांविषयी लिहिता. ख्रिस्ती झालेले कवी आणि धर्मोपदेशक रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या घरी धर्मासाठी जो संसार मोडला आणि पुन्हा जुळला, त्याविषयी आपले मत काय? (एक वाचिका, अहिल्यानगर)

उत्तर : आपला आक्षेप मान्य आहे. या विषयावरची मराठीतली सर्वांत मोलाची साक्ष त्याच घरातून आली आहे, कारण येथे चरित्र शिष्याने लिहिले नाही, पत्नीने लिहिले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये आला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी नवऱ्याचे मोठेपण आणि त्याच्या लहरी एकाच हसऱ्या आवाजात सांगितल्या. हातात आलेला पैसा घरी पोचण्याआधीच टिळक कोणाला तरी देऊन मोकळे होत, हे त्या तक्रार म्हणूनही सांगतात आणि अभिमानानेही सांगतात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या, पदरी दत्तू हा लहान मुलगा होता, आणि त्यांच्या लेखी हे नवरा जिवंत असताना आलेले वैधव्यच होते. जवळजवळ पाच वर्षे दोघे वेगळी राहिली. या पाच वर्षांविषयी लिहिताना आपण टिळकांच्या धैर्याचे वर्णन करतो : जात गेली, नातेवाईक गेले, जुने आयुष्य गेले. ते खरेच आहे. पण टिळकांनी जे सोडले, ते स्वतः विचार करून, स्वतः दिवस निवडून सोडले. लक्ष्मीबाईंना दिवस निवडता आला नाही.

तरी टिळकांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडली पाहिजे आणि ती फारशी कोणी मांडत नाही. १८६६ च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला, धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने दूर राहिला, तर न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची वाट मोकळी होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबून राहिले. पत्नी परत आली तेव्हाही ती आपल्या धर्मात राहून आली, आपले सोवळे घेऊन आली, आणि त्यांनी ते घरात चालू दिले. उपदेश करणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याने आपल्या स्वयंपाकघरात उपदेश आवरून धरला. जातिभेद माणसाने केला आहे, देवाने नाही, हे लक्ष्मीबाईंना उमगले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निर्णयाने. हरिपंडितांच्या अटी मान्य करणाऱ्या नाथांशी टिळकांचे नाते मला येथे दिसते. टिळकांना तुकोबा किती जवळचे होते, हे आपणास ठाऊकच आहे. मला मात्र घरातले टिळक पैठणच्या अधिक जवळचे वाटतात.

अर्थात शेवटपर्यंत तसे राहिले नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार दोन्ही सोडले, ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. संन्याशाला पगार लागत नाही, घराला लागतो. दुष्काळातली पोरकी मुले ज्या घरात वाढली, बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी ज्या घरात येऊन राहिला, ते घर चालवणे किती अवघड होते, हे लक्ष्मीबाईच जाणत. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी लिहून पुरे केले आणि त्यातले बहुसंख्य अध्याय त्यांचे आहेत. नवऱ्याचे अपुरे काम आपल्या अंगावर घेण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती, एवढेच म्हणतो.

प्रश्न : माझे यजमान कीर्तनकार आहेत. त्यांना जिल्ह्यात मान आहे आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण वर्षातला बहुतेक काळ ते सप्ताहांच्या निमित्ताने बाहेर असतात. यंदा मुलीची दहावीची परीक्षा आहे. मी काही बोलले की, ‘संसार माउली पाहील’ असे उत्तर मिळते. माझी अपेक्षा चूक आहे का? (एक वाचिका, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, आपली अपेक्षा मुळीच चूक नाही. आपले पत्र मी मुद्दाम शेवटी घेतले, कारण वरची सारी उत्तरे लिहिताना ते माझ्या समोर उघडे होते.

‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें’ असे तुकोबांनी सांगितले. आपले यजमान हा नियम पाळतात आणि बिदागीसाठी अडून बसत नाहीत, असे आपण लिहिले आहे. हे मोठे मूल्य आहे आणि ते सोडावे असे मी सुचवणार नाही. परंतु हा नियम त्यांना पाळता येतो, तो घरी आपण शिवणकाम करून आणि दोन म्हशी सांभाळून चूल पेटती ठेवता म्हणून, हे त्यांनी एकदा मोठ्याने म्हणावे. कीर्तनात नव्हे, घरात, मुलीच्या समोर.

माउलीविषयी ते जे म्हणतात, त्याबद्दल त्यांच्याच परंपरेतला दाखला देतो. जनार्दनस्वामींनी नाथांना ‘आजीआजोबांना देव पाहील’ असे लिहिले नव्हते. तू थांब, असे लिहिले होते. नाथ थांबले आणि त्यानंतरचे त्यांचे बहुतेक कीर्तन-प्रवचन पैठणातल्या त्यांच्या स्वतःच्या वाड्यात झाले. लोक ऐकायला तेथे येत. आपल्या यजमानांना गावोगाव जावे लागते, काळ वेगळा आहे, हे मला समजते. पण नारळ स्वीकारल्यावर तारीख मोडता येत नाही, हे जसे खरे, तसेच नारळ स्वीकारण्याआधी ती नाकारता येते, हेही खरे. काल्याच्या कीर्तनाला ऐन वेळी दुसरे महाराज मिळतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलीला दुसरा बाप मिळत नाही.

परीक्षेच्या पंधरवड्यातल्या तारखा त्यांनी आधीच दिल्या असतील, तर आयोजकांना आत्ताच फोन करून आपल्या एखाद्या शिष्याचे नाव सुचवावे. अजून वेळ आहे. हे पत्र आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या. त्यांचे म्हणणे वेगळे असेल तर त्यांनी मला अवश्य लिहावे, मी ते काटछाट न करता पुढच्या अंकात छापीन. आणि मुलीचा निकाल कळवा.